ओपा सेमाची राई

रात्रीची नमाज आटोपली, कंदील बारीक झाला, आणि मशिदीच्या पायऱ्यांवर बसलेल्या पोरांनी तोक पांडकला, म्हणजे पांडक आजोबांना, पुन्हा छेडलं.

“तोक, आज वाघाची नको. भुताची सांगा. पण खरी.”

“खरीच सांगतो. खोट्या सांगायला कचेरीत माणसं ठेवलीत सरकारनं.” म्हाताऱ्याने विड्याचं पान दाढेखाली सरकवलं. “आपला जुसो. गावचा पेंघुलू होता, गोऱ्या साहेबाने नेमलेला मुखिया. तुमच्यातल्या निम्म्यांना त्याचं तोंडही आठवायचं नाही. मी आणि तो एकाच होडीतून मासे चोरायचो. ऐका.”

मार्च महिन्यातला गुरुवार होता तो, दिवस मावळलेला. म्हणजे आपल्या हिशेबाने शुक्रवारची रात्र लागलेली. या रात्री गेलेली माणसं आपापल्या घराकडे फिरकतात, म्हणून घरोघर त्यांच्यासाठी कुराण वाचतात. जुसोला तेवढीही उसंत नव्हती. सकाळी जमिनीचा गोरा साहेब, म्हणजे तुआन, येणार होता, आणि तुआनसाठी होडी तयार ठेव असं नावाड्याला बजावायला तो स्वतः नदीवर गेला होता. दुसऱ्या कुणालाही धाडता आलं असतं. पण तुआनचं काम म्हटलं की जुसोच्या अंगात वारं भरायचं. पेंघुलूचा काळा कोट मिळाल्यापासून त्याची मान जरा वाकलेलीच असायची. बायको म्हणायची, “तुआनला शिंक आली तर तुम्हीच नाक पुसाल.” तो हसण्यावारी न्यायचा.

परतीची वाट नव्या रबराच्या मळ्यातून होती. दोन वर्षांपूर्वी तिथे ओपा सेमाची दुरियनची राई होती, त्या जड, काटेरी, उग्र वासाच्या फळांची. ओपा म्हणजे साऱ्या गावाची आजी. तिच्या पणजीने लावलेली ती झाडं. आपल्याकडे राईला कुंपण नसतं, झाडं ओळीत नसतात, खाली झुडपं माजलेली असतात. ज्याने लावलं त्याचं, हे गावाला ठाऊक असतं. परक्याला ते रानच दिसणार. तुआन घोड्यावरून उतरलासुद्धा नव्हता. “हे रानच ना, पेंघुलू?” एवढंच त्याने विचारलं होतं. चारचौघांत तुआनला नाही कसं म्हणायचं? आणि कोट तर नवाकोरा होता. जुसो म्हणाला, “रानच, तुआन.”

ओपा मागेच उभी होती.  ओढणी तोंडावर ओढून घरी गेली. रान म्हणून जमीन सरकारजमा झाली, झाडं तुटली, आणि पुढचा मोसम यायच्या आत ती वारली. जुसो मयताला गेला, पण तिच्या खांबांवरच्या घराचा जिना चढायची त्याला लाज वाटली. अंगणातूनच माघारी फिरला.

आणि आता तुआनला वरची राईही हवी होती. ती कासिमची. घरभर पोरं, आणि वर्षाचा आधार काय तो त्या झाडांचा. सकाळी तुआन तोच प्रश्न विचारणार, हे जुसोला ठाऊक होतं. आपण काय उत्तर देणार, तेही ठाऊक होतं.

मळ्याच्या मधोमध आला, तेव्हा मागे काहीतरी पडलं.

धप्प.

जड आवाज होता. रबराची झाडं मनगटाएवढी, त्यांच्यावरून काय पडणार? जुसो भरभर चालू लागला.

धप्प… आता डावीकडे.

त्याचे पाय थांबले. हा आवाज तो झोपेतही ओळखायचा. पण मोसमाला अजून महिने होते… आणि झाडं तर…

पुढे उजेड दिसला. चार खांबांवर छप्पर. खाली मशाल. मोसमात फळं वेचायला रात्री जागतात, ती खोप. त्याच्या डोळ्यांदेखत पाडलेली. खोपीत एक बाई बसली होती. पाठमोरी.

“कोण, जुसो? ये. बस.”

त्याला पळायचं होतं. पाय खोपीकडे निघाले.

“पडला बघ. कुठल्या झाडाचा?”

लहानपणी ओपा असंच विचारायची. अंधारात नुसत्या आवाजावरून झाड ओळखायचं. जो आधी ओळखेल त्याला पहिली फोड. जुसो कधी हरला नव्हता.  आताही शब्द आला.

“कु… कुबडी.”

“हं.”

धप्प.

“टकल्या.”

“हं.”

धप्प… खूप लांब. नदीच्या अंगाला.

“नवरीची उशी,” जुसो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

ओपाने मान वळवली नाही. सुरी घालून फळ उकललं. एक फोड मागे धरली.

“खा. तुझीच आहे.”

त्याने घेतली. गर थंडगार होता. त्याने खाल्ला.

मग ती बोलली. अगदी मायेनं.

“बाळा… रानातल्या झाडांना नावं असतात का रे?”

…

 

मशाल विझली.

तोक पांडकने पान दुसऱ्या दाढेखाली सरकवलं. पोरं एकमेकांना चिकटून बसली होती.

“मग, तोक?”

“मग काय? पहाटे बायकोला अंगणात सापडला. गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. मी म्हटलं, आज जाऊ नकोस. पण गेला.”

सकाळी कासिमच्या राईपाशी अख्खं गाव गोळा झालं होतं. तुआनने सवयीनं विचारलं, “रान?” आणि उत्तरासाठी न थांबता पुढे वळला.

“नाही, तुआन.”

जुसोचा आवाज चिरका निघाला, पण निघाला. “कासिमची राई आहे ही. त्याच्या आज्याने लावलेली. एकेका झाडाला नाव आहे. विचारा, सांगतो.”

“खालची अशीच होती,” तुआन म्हणाला. “ती तूच रान म्हणालास.”

“खोटं बोललो, तुआन.”

साऱ्या गावासमोर बोलला. बायकोसमोर, मुलांसमोर. तुआन चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसला.

“मग आत्ता खरं बोलतोयस, हे कशावरून? खोटारड्याच्या शब्दावर सरकारने जमीन सोडायची?”

कासिमने जुसोकडे नुसतं पाहिलं. शिवी दिली असती तर जुसोने ती आनंदानं घेतली असती. त्याला कळलं, की ओपाची राई घालवताना आपण कासिमचीही घालवून बसलो होतो. विनवण्यासाठी त्याने दोन्ही हात पुढे केले. तुआन एकदम मागे सरला, रुमाल नाकाला लावला.

“शी! ते घाणेरडं फळ कुणी आणलंय इथे?”

कुणीच आणलं नव्हतं. मार्चमध्ये कुठून आणणार? पण वास सगळ्यांना आला. तो जुसोच्या हातांना येत होता.

“कोट गेला, त्याचं त्याला काही वाटलं नाही,” तोक पांडक म्हणाला. “हात मात्र घासघासून सोलले त्याने. राखेनं, लिंबानं, नदीच्या वाळूनं. गावजेवणाला येईनासा झाला. कासिम मजूर म्हणून रबराच्या मळ्यात लागला. रोज त्याच्या दारावरून जायचा, आणि जुसो खिडकी लावून घ्यायचा. असा किती वर्षं जगला तो, शरमेनं.”

“आणि वास? तो गेला?”

म्हाताऱ्याने अंधारात पिंक टाकली.

“जुसोच्या मयताला आंघोळ मी घातली. पाणी ओतायला कासिम आला होता, न बोलावता. कापूर घातला, हात छातीवर घेतले… आणि खोलीभर वास सुटला. नुकतंच फळ उकलावं, तसा. कासिमचे हात थांबले. म्हटलं, ओत, थांबू नकोस. रांजण रिकामा झाला. शेजारचा आणला, तोही झाला…”

“तोक?”

“ऑक्टोबर होता, पोरांनो. गावात कुणाच्याही झाडावर फळ नव्हतं.”