हलू नका!

त्या माणसाचा माझ्या कानावर पडलेला पहिला शब्द होता, “हलू नका!”

आणि तो त्यानं कुणाला म्हणावा? नाचायला आलेल्या पोरीला!

खरं तर आम्हाला त्याच्याकडं जायचंच नव्हतं. शिरूरच्या ज्या मोठ्या स्टुडिओत जायचं ठरलं होतं, त्याला कुलूप. मालक लग्नाच्या ऑर्डरीवर दौंडला गेलेले. ऊन मी म्हणत होतं, राजनंदिनीच्या तळपायाचा अळता चपलेला लागायला लागला होता. शेजारच्या बोळात पाटी दिसली, ‘गेटपास, पासपोर्ट फोटो’. शिरलो.

राजनंदिनी, आमची राजी, ही माझ्या भावाची मुलगी, आठ वर्षांची. भाऊ रांजणगावच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला, वहिनीच्या मांडीवर तान्हं बाळ, म्हणून कवठ्याहून एसटीनं तिला घेऊन आत्याच आलेली. पुण्यातल्या एका बालनृत्य महोत्सवासाठी तिच्या कथकच्या मॅडमनी चार फोटो मागितले होते, चांगल्या स्टुडिओतले, नाचतानाचे. फोटो बघूनच पोरं निवडणार होते. पंचवीस तारखेच्या आत पाकीट पोचलं पाहिजे, आणि आज अठरा. पहाटेपासून मी तिला सजवत होते. चापूनचोपून वेणी, काजळ, हातापायाला अळता, शिवून घेतलेला घेरदार अनारकली. घुंगरू तेवढे फडक्यात बांधून आणलेले. ते स्टुडिओत काढले, तिच्या कपाळाला लावले आणि पायात बांधले.

फोटोवाल्याचं नाव रविराज. कंपनीतल्या चाळीस माणसांना सकाळपासून निळ्या पडद्यापुढं उभं करून त्याची जीभ एकाच वाक्याला चिकटली होती.

“हलू नका. हनुवटी वर. श्वास धरा.”

“अहो, ती नाचनार हाय!”

“नाचू द्या की. फक्त हलायचं न्हाई.”

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात तो पावडरचा डबा घेऊन आला. “जरा लावू का? पोरगी सावळी हाय, फोटोत काळी यील.”

झालं! माझं डोकंच फिरलं. “आमचा विठोबा काळा हाय. त्याला कवा कुनी पावडर लावलीया? तुमचा लाइट कमी पडत आसंल तर लाइट वाढवा!”

तो खरंच उठला, माळ्यावरून आणखी एक दिवा काढून लावला आणि माझ्याकडं बघून हसला. गालाला खळी पडली. त्या खळीचा मला जास्तच राग आला.

दोन दिवसांनी फोटो हातात पडले. बघून रडू यायचं बाकी होतं. चारही फोटोंत पोरगी ताठ, हात वेल्डिंग केल्यासारखे!

“हे काय हाय?” मी फोटो टेबलावर आपटले. “ही नाचतीया का कंपनीत हजेरी देतीया? रोज दोन-दोन तास पाय आपटून पोरीच्या तळव्याला फोड आल्यात. पुन्याला हे पाठवू? ही पोरगी मागं ऱ्हायली ना, तर तुमच्या ह्या पडद्यामुळं!”

तो भांडला नाही. एकेक फोटो उचलून नीट बघितला. “चुकलं माझं. पुन्हा काढतो. पर मला नाचातलं काय कळत न्हाई, ताई.”

“ताई म्हनू नका!” मी फाडकन बोलले… आणि का बोलले ते माझं मलाच कळेना.

त्यानं मान वर केली. “मग काय म्हनू?”

“काय बी म्हनू नका. फोटो काढा.”

दुसऱ्या दिवशी मी आबांचे टाळ पिशवीत घालून नेले. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गावच्या कीर्तनात पखवाज वाजवतात. चालायला शिकले त्याच्या आधी मी त्या तालावर टाळ्या वाजवायला शिकले.

“कीर्तनाला गेलाय का कधी?” मी विचारलं.

“गेलोय की. फोटो काढायला.”

“म्हंजी न्हाई गेला!”

मग टाळ वाजवून त्याला सांगितलं. ताल फिरून पुन्हा पहिल्या ठोक्यावर येतो, ती सम. राजी गिरक्या घेत येईल आणि बरोब्बर समेवर थांबेल, डोळ्याचं पातं लवेस्तोवरच. फोटो तेवढ्यात.

“आन् समेची वाट बघत बसलात तर ती निघून जाती,” मी बजावलं. “आधीच तयार ऱ्हायचं.”

त्यानं मान डोलावली. मग घुंगरांकडं बघितलं, बूट काढून दाराबाहेर ठेवले आणि अनवाणी कॅमेऱ्यामागं उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं.

टाळ वाजले. राजी फिरली. सम आली, आणि प्रकाश लखलखला. पुन्हा टाळ, पुन्हा गिरकी, पुन्हा लखलखाट! चोवीस फोटो काढले त्यानं. एकदाही चुकला नाही. छापून आले तेव्हा वेणी हवेत, घेर हवेत, आणि पोरीची नजर देवासमोरच्या समईसारखी स्थिर.

चोवीस तारखेला भावानं पाकीट स्वतः पुण्याला पोचतं केलं. पुढच्या महिन्यात पत्र आलं. राजनंदिनीचं नाव होतं!

आणि मग गावचा सप्ताह. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. बुवांचा आवाज असा लागलेला की डोळे आपोआप मिटावेत… आणि खण्ण! कुणीतरी टाळ भलतीकडंच मारला. मी वळून बघितलं. टाळकऱ्यांच्या रांगेत टोकाला – रविराज!

पुन्हा चुकला. पुन्हा वळले. तिसऱ्यांदा तर आबांनी पखवाजावरूनच डोळे वटारले, “ह्यो बेताल कुनी आनला?”

काल्याचा प्रसाद वाटायला लागले तशी मी त्याला देवळामागच्या चिंचेखाली गाठलं. “लाज न्हाई वाटत? चोवीस फोटोंत एकदा सम सोडली न्हाई, आन् देवाच्या दारात मुद्दाम चुकता?”

“मुद्दाम न्हाई… म्हंजी, पयली चूक खरी हुती. तवा तुमी वळून बघितलं.”

“मग?”

“मग बरोबर वाजवाय लागलो… तर तुमी बघंनाच.”

कान तापले माझे. रागानंच, असं मी स्वतःला सांगितलं.

“आबांना भेटाय आलोय,” तो हळूच म्हणाला. “मागनी घालाय. तुमीच म्हनला हुता, वाट बघत बसलं तर सम निघून जाती. तुमी न्हाई म्हनला तर हितनंच माघारी जातो…”

माझ्या हातात प्रसादाचा द्रोण. पाय पुढं पडेना, मागं पडेना. त्याच्या गालाला ती मेली खळी पडली.

“हलू नका,” तो म्हणाला. कॅमेरा नव्हता, काही नव्हतं.

“हलत न्हाई,” मी म्हटलं, आणि द्रोण त्याच्या पुढं धरला.