वरच्या खोलीतले पाढे

जुनी घरं विकत घ्यायची, नीट दुरुस्त करायची आणि विकायची, हा माझा व्यवसाय. चंडीगडमध्ये या धंद्यात माणसं पुष्कळ. भिंतीला ओल दिसली की वरून रंग फासून मोकळी होतात. मी घरातली प्रत्येक खोट कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हाती देते.

सेक्टर एकवीसमधल्या घराच्या कागदावर शेवटची ओळ होती: 'वरच्या खोलीत दुपारी चारला लहान मुलीचा आवाज येतो. कारण सापडलं नाही.'

मिस्त्रींना नुसती पुटपुट ऐकू यायची. मला शब्द कळले. ती मराठीत पाढे म्हणत होती. त्या घरात चाळीस वर्षं एक सरदारजी आणि त्यांची बायको राहत होते. मूल नव्हतं. मराठी भाडेकरूही कधी नव्हता.

"पद्मिनी, एवढी ओळ काढ यार," माझा भागीदार शिशिर म्हणाला. ती वाचून तीन गिऱ्हाइकं परत गेली होती. मी काढली नाही.

मग चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून कर्नल रघुवीर आणि त्यांची बायको मीनाक्षीताई आले. निवृत्तीनंतर इथंच राहायचं म्हणत होते. ती ओळ वाचून मीनाक्षीताई एकट्याच वर गेल्या. तासाभरानं उतरल्या.

"अकराच्या पाढ्याला अजून अडखळते," त्या म्हणाल्या.

त्यांची मुलगी कश्मिरा सातव्या वर्षी गेली होती. त्याला नऊ वर्षं झाली होती.

त्या अंगणात गेल्यावर मी रघुवीरांना विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं?"

"नाही."

"मग हे घर मी तुम्हाला देत नाही."

"द्या," ते हळूच म्हणाले. "इतक्या वर्षांनी मीनाक्षीचा चेहरा असा उजळलेला दिसतोय."

मी घर विकलं.

जानेवारीत रघुवीरांचा फोन आला. मी गेले तेव्हा चार वाजत आले होते.

"मीनाक्षीचा आवाज गेलाय," ते म्हणाले. "डॉक्टरांना घशात काही सापडत नाही." मग म्हणाले, "तुम्ही ती ओळ लिहायला नको होती."

मी जिन्याकडे पाहिलं.

मीनाक्षीताई चहा घेऊन आल्या. फार वाळल्या होत्या, पण चेहऱ्यावर समाधान होतं. कप ठेवून त्या माझ्यासमोर बसल्या. ओठ मिटलेले.

वर पाढे सुरू झाले. मध्येच थांबले.

"चहा घ्या ना, पद्मिनी. निवतोय." मीनाक्षीताईंचा आवाज वरच्या खोलीतून आला.

रघुवीरांनी सावकाश मान वर केली. या वेळी त्यांनाही ऐकू आलं होतं.