वखारीतली म्हातारी

जेवणं उरकली, गच्चीवर गाद्या पडल्या आणि मामांनी घसा खाकरला. म्हणजे आता गोष्ट येणार.

"ऐकीव नाही हं. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेली."

"बरं सगळं तुमच्या मित्रांच्याच बाबतीत घडतं," धाकटी भाची उशीवर पालथी पडत म्हणाली. "आणि मुद्द्यावर या, मामा. मागच्या वेळी भूत यायच्या आधीच मी झोपले होते."

"आज झोप," मामा म्हणाले, "जमलं तर."

मित्र काटेवाला होता. ट्रक तोलायचे मोठे वजनकाटे दुरुस्त करत गावोगाव हिंडायचा. अंगाने काडी आणि वेड हत्तीचं. लहानपणी सर्कशीतल्या एका हत्तीने त्याची टोपी उचलून पुन्हा नीट त्याच्या डोक्यावर ठेवली, तेवढ्यावर गडी जन्माचा विकला गेला. नव्या गावात उतरला की चहाच्या आधी चौकशी हत्तीची. या नादापायी नोकऱ्या सुटल्या. ठरलेलं लग्नही मोडलं. मुलीकडचे ताटकळत बसले आणि हे महाशय नदीकाठी कळपाची आंघोळ बघत होते. पुढे कुणी विचारलंच नाही. साठी आली, गुडघे बोलायला लागले आणि आपलं म्हणावं अशी उरली एक थोरली बहीण.

बहिणीने माडीवरची खोली त्याच्यासाठी आवरून ठेवली होती. दरवेळी तो "येतो" म्हणायचा आणि दरवेळी वाटेत कुठेतरी हत्ती निघायचा. शेवटी तिने फोनवर ऐकवलं, "रविवारी सकाळी दारात दिसला नाहीस तर खोली भाड्याने देते. जन्मभर दुसऱ्यांच्या दारातले हत्ती बघत फिरलास, आता स्वतःला एखादं दार उरतंय का ते बघ."

शनिवारी तो निघाला. पण वाटेत वखार लागत होती.

रानाच्या कडेची लाकडाची वखार. ओंडके ओढायला तिथे एक हत्तीण होती, कामगार तिला म्हातारी म्हणायचे. काटा तपासायला गेला की हा तिला काट्यावर उभी करायचा, वजन मोठ्याने वाचून दाखवायचा आणि "जाडे, पुन्हा सुटलीस" म्हणून चिडवायचा. मग इतर कळपांच्या मागे फिरता फिरता इकडे यायचं राहून गेलं. आज तिला भेटून पुढे जाऊ, असा हिशेब होता.

"म्हातारी गेली की," वॉचमन म्हणाला. "मागच्या उन्हाळ्यात. शेवटी काम नव्हतं तिला. दिवसभर जाऊन काट्यावर झुलत उभी राहायची. हाकललं तरी हलायची नाही. कुणाची वाट बघत होती कोण जाणे."

काटेवाला रिकाम्या काट्याकडे बघत राहिला. तेवढ्यात शेवटची बस निघून गेली. आता पहाटेची, फाटकासमोर थांबणारी. ती चुकली की खोली गेली. वॉचमन घरी गेला. हा काट्याच्या खोलीत बसला आणि हाताला काहीतरी हवं म्हणून यंत्र उघडलं.

"फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. रात्रीचे अडीच," मामा म्हणाले.

"इतकं नेमकं? मग नक्की बनवलेली," भाची पुटपुटली. कुणी हसलं नाही.

यंत्राच्या पडद्यावर लाल शून्य होतं. ते वाढलं. थांबलं. पुन्हा वाढलं. ट्रक चढला की आकडा दोन झटक्यांत चढतो आणि स्थिर होतो. हा चार झटक्यांत चढला. आणि स्थिर होईना. पुढे... मागे... झुलत राहिला.

त्याने खिडकीतून पाहिलं. दिव्याखाली काट्याची लोखंडी प्लेट. रिकामी.

"वायरीत दव शिरलं," तो स्वतःशी म्हणाला आणि सवयीने बोट पुढे गेलं. रिकामा काटा वजन दाखवत असेल तर शून्याचं बटण दाबायचं. दुरुस्तीला उघडलेलं यंत्र कुरकुर करत नाही. समोर जे असेल, त्याला शून्य मानतं.

शून्य आलं.

आणि ते शून्यही झुलायला लागलं. जरा वर... जरा खाली...

आपण कुणाला शून्य केलं, ते तेव्हा त्याला कळलं.

तो बाहेर गेला. "म्हातारे...?"

छातीत काहीतरी घुमलं. कानांना न ऐकू येणारं. मग मानेवर श्वास. ऊबदार. ओल्या गवताचा वास...

तो प्लेटवरच बसला. "उशीर केला गं मी." लोखंड संथ करकरत होतं. त्याची भीती गेली. आता जायचं कशाला? इथे कुणीतरी आहे.

पहाटे बसचा हॉर्न आला. तो उठला नाही.

पुन्हा हॉर्न.

"जाऊ दे बस," तो म्हणाला. "या वेळी मी थांबतो."

पाठीवर धक्का बसला. हलकाच. पिल्लाला पुढे लोटावं तसा. मग आणखी एक... फाटकापर्यंत. कंडक्टरने दंड धरून त्याला आत ओढलं.

मामा थांबले. भाची उठून बसली होती. "पोचला?"

"पोचला. बहिणीने आधी शिव्या घातल्या, मग चहा टाकला. त्याच माडीवर राहतो. कुठे जात नाही आता. खिडकीत बसून असतो. मला हे सांगितलं ते एकदाच."

"आणि हत्तीण?"

मामांनी उशी जरा सरकवली.

"सकाळी वॉचमन आला. प्लेटवर दव होतं, त्यावर खूण नाही. काट्यावर आकडा. साडेतीन हजार किलो. पण उणे."

"साहजिक आहे!" भाची घाईने म्हणाली. "ती उभी असताना त्याने शून्य केलं, ती उतरली, म्हणून उणे. पुन्हा शून्य दाबायचं, संपलं!"

"दाबलं. कितीदा तरी. नवे काटेवाले आले, आतलं सगळं बदललं. शेवटी वीज तोडली. वखारीला कुलूप लागलं."

"मग?"

"रस्त्याने जाताना काट्याच्या खोलीच्या खिडकीत आकडा दिसतो. अजून. लाल... उणे साडेतीन हजार."

भाचीने चादर गळ्यापर्यंत ओढली.

"झुलत नाही आता," मामा म्हणाले.