घंगाळातला जन्म

तांबडं फुटताना धावडगडाचा दरवाजा उघडला, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या गोसाव्याने बारा वर्षांच्या एका पोराला पुढे ढकललं आणि आरोळी दिली, "तुमचे सुभानजीराव आणलेत!"

सुभानजी म्हणजे गडाच्या देसायांचा एकुलता एक मुलगा. नवरात्राच्या गर्दीत तो हरवला तेव्हा पाच वर्षांचा होता. शोध थकल्यावर त्याचे चुलते हिरोजी यांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, दिवस घातले आणि वतनाचा कारभार हाती घेतला.

सुभानजीची विधवा आई गोजराबाई सदरेवर आली, तेव्हा धुकं अजून तटावरून उतरलं नव्हतं. पोर थंडीने कापत होतं. हनुवटी गेलेल्या धन्याची वाटली. डोळे मात्र परके. तिला काहीच ठरवता येईना.

"वहिनीसाहेब, ओळख पटवा," हिरोजी मऊ आवाजात म्हणाले. "पटली तर आनंदच आहे. न पटली, तर तोतयाला कड्यावरून लोटायची आपल्या घराण्याची रीत आहे."

"पण सरकार, ओळख पटूनही भागायचं नाही," शास्त्रीबुवा चाचरत म्हणाले. "ज्याचे दिवस घातले तो मेलेलाच. त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागेल. तुपाच्या घंगाळात बसवायचं आणि आईने उचलून घ्यायचं."

"एवढं दांडगं बाळ?" एक शिलेदार खिदळला. "बाईसाहेबांची कंबर जायची!"

गोजराबाईने पदर खोचला. "घंगाळ आणा."

तुपाने निथळणारं, हातातून निसटणारं ते पोर तिने छातीशी धरून उचललं. पोराने तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारली.

"उत्तम!" हिरोजी उठले. "म्हणजे वतनाचे धनी आज जन्मले. तान्ह्याचा कारभार आम्ही पाहूच, दाईही आमच्याच वाड्यातली देऊ. न्या रे बाळाला."

दोन धारकरी पुढे सरसावले. भावजींनी या विधीला हरकत का घेतली नाही, हे तिला आत्ता उमगलं. त्या वाड्यात गेलेलं पोर पुन्हा दिसणार नव्हतं.

"खबरदार! बाळंतिणीला शिवाल?" ती कडाडली. "शास्त्रीबुवा, सोयर किती दिवस?"

"द... दहा दिवस, आईसाहेब."

"मग दहा दिवस माझ्या खोलीचा उंबरा कुणी ओलांडायचा नाही. आणि भावजी, सोयर तुम्हालाही आहे. देवीच्या गाभाऱ्यात जाऊ नका."

सदर हसली. हिरोजी हसले नाहीत.

खोलीत तिने पोराचं अंग पुसलं. "खरं सांग, कोण तू?"

"आठवत नाही. गोसावीबाबा म्हणाले, तो मी."

"बरं. आता मी म्हणते, तो तू."

दारावर हिरोजींचा पहारा बसला. नवव्या दिवशी गडाखालच्या ओढ्यात गोसाव्याचं प्रेत सापडलं. दहाव्या दिवशी दुपारी खोलीत गेलेल्या दोन ताटांपैकी एकच उष्टं होऊन बाहेर आलं. दुसऱ्यातल्या भाताला बोटही लागलं नव्हतं. हिरोजींनी दार फोडायचा हुकूम दिला. दिवस मावळेपर्यंत सोयर आहे, असं म्हणत शास्त्रीबुवा आडवे आले. आतून कुणाच्याच बोलण्याचा आवाज येत नव्हता, आणि दाराला आतून अडसर तसाच होता. मागच्या खिडकीतून तटाखाली सोडलेला लुगड्यांचा दोर मात्र अजून कुणाच्या नजरेस पडला नव्हता.