पहिले आठ सेकंद

उणे आठ

"अंगावर काही लोखंडी? किल्ल्या, पिना... हृदयात यंत्र?"

"हृदय रिकामंच आहे," मी म्हणाले.

तो हसला नाही. कागदावर फुली मारली. बऱ्याच वेळाने कान तेवढे लाल झाले.

हा योरित, उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातला. नेदरलँड्समध्ये निमेखनला आमच्या मेंदू-प्रयोगशाळेत पीएचडी करत होता. मी मिर्थे, आकडेमोडीच्या कामावर तीनच दिवसांपूर्वी आलेली. त्याची चोविसावी स्वयंसेविका आलीच नाही, आणि व्हरांड्यात कॉफी पीत उभी होते मी.

शून्य

स्कॅनरच्या नळीत पाठीवर. आठ सेकंद चेहरे, आठ सेकंद कोरा पडदा. पुन्हा चेहरे.

मध्येच कानात आवाज... "मिर्थे, झोपलीस?"

"तू बोलत राहिलास तर नाही झोपणार."

पलीकडे — शांतता. फ्रीसलंडची माणसं, शब्द मोजून वापरणारी!

तीन आठवड्यांनी

"शुक्रवारी गाईडबाईंना सांगणार, पीएचडी बंद करतो म्हणून," योरित म्हणाला. "घरी बाबांच्या ऐंशी गायी आहेत."

"तुझ्यापेक्षा बोलक्या असतील."

माणूस काही बघतो तेव्हा डोक्याचा मागचा भाग उजळायलाच हवा. त्याच्या चोवीस चित्रांत नेमका तिथेच काळोख.

"तुझंही काळंच आहे. झोपली होतीस तू."

"मी?" मला रागच आला. एकेक चेहरा मी पाहिला होता. त्याचा आवाज पुन्हा येईल म्हणून टक्क जागी होते! मी डोळे मिटले, आठवू लागले... आधी यंत्राची धडधड. एक, दोन, तीन, चार. मग पहिला चेहरा.

"योरित, सुरुवातीचे फोटो टाकून देतोस ना?"

"चार, दोन-दोन सेकंदांचे. यंत्र स्थिरावलेलं नसतं. सगळेच टाकतात."

"म्हणजे आठ सेकंद. आणि चेहऱ्यांच्या वेळा कुठून मोजल्यास?"

"पहिल्या फोटोपासू—" तो थांबला. "टाकलेल्या."

फोटो कापले होते, घड्याळ तसंच चालू होतं. प्रत्येक चेहरा आठ सेकंद उशिरा मांडलेला, कोऱ्या पडद्याच्या जागी.

प्रत्येक वेळेतून आम्ही आठ वजा केले. संगणक घुरघुरत बसला. त्याच्या डब्यातला चीज-पाव आम्ही अर्धा अर्धा खाल्ला. पहिलं माझंच डोकं आलं. मागच्या बाजूला नारिंगी, लख्ख.

पुन्हा शून्य

"जागी होतीस," तो हळूच म्हणाला.

"सांगत तर होते."

"आता गायींना काय कळवू?"

"कळव... मिर्थे जाऊ नको म्हणाली."

तो गप्प. आधी असतं तर मी रुसून उठले असते. पण मेंदूत काही घडलं, की रक्त तिथे पोचायला पाच-सहा सेकंद घेतं. रोज तेच तर मोजते मी. म्हणून मोजलं. चार... पाच...

सहाव्याला कान लाल.

"प्रयोगात मध्येच बोलायचं नसतं," तो म्हणाला. "बाकी तेविसांना मी कधीच विचारलं नाही — झोपलात का म्हणून."

आता मी गप्प. त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"एक," तो म्हणाला. "दोन..."

सहापर्यंत मी त्याला पोचूच दिलं नाही.