अठ्ठावन्न मिलिमीटर

तुम्ही खोटं बोललात. शाळा चालवणाऱ्या मंडळातले तुम्ही सगळे, पालकसभेत मंचावरच्या गादीच्या खुर्च्यांवर बसून, माईक एकमेकांकडे सरकवत दीडशे पालकांच्या तोंडावर म्हणालात, "हा चेहरा कुणाचाच नाही." वर टाळ्याही घेतल्यात. पुढे काय झालं ते विचारायला तुमच्यातला एकही फिरकला नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवलं आहे. सावकाश वाचा. घाई तुमची एकदा करून झालेली आहे.

भिंगरीची आई चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी टोचत असेल तर ती गरम करून वाकवायची. चौदा वर्षं हेच. माणूस समोर आला की बाकीचे त्याचे कपडे बघतात, ही त्याचे कान एका उंचीवर आहेत का ते बघते. चेहरा म्हणजे तिच्या लेखी काही आकडे, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे एका डोळ्याच्या बाहुलीपासून दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीपर्यंतचं अंतर. तो चुकला तर काच कितीही महागाची असो, माणसाचं डोकं दुखणारच.

भिंगरी तिची लेक. नऊ वर्षांची, चौथीत, एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. दोन्ही डोळ्यांना अधिक अडीचचा चष्मा, बाहुल्यांमधलं अंतर चोपन्न मिलिमीटर. चष्मा अर्थात आईनेच बनवलेला.

दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता शाळेचं बातमीपत्र फोनवर यायचं. धावण्याच्या शर्यतीचे निकाल, वाचनालयात आलेली पुस्तकं, हरवलेल्या पाण्याच्या बाटल्यांची यादी. शेवटच्या पानावर 'डिजिटल पाऊलखुणा' नावाचं सदर. मुलांचे फोटो जपून टाका, एकदा बाहेर गेलेलं परत येत नाही, वगैरे शहाणपण. आणि त्या शहाणपणाच्या डोक्यावर बत्तीस मुलांचा फोटो, नावांसकट. कुणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

आईने परवानगीच्या कागदावर 'नाही'पुढे खूण केली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चेहरा तिचा आहे. मोठी झाली की तीच ठरवेल.' सगळ्या शाळेत असे नऊ नकार होते, चौथीत एकटी भिंगरी. आधी बातमीपत्राच्या बाई या नऊ जणांच्या तोंडावर पिवळं हसरं तोंड चिकटवायच्या. फोटोची शोभा जाते म्हणून ओरड झाली, आणि त्या पालकसभेत तुम्ही चेहरे बदलणारी यंत्रणा आणलीत. केस मुलाचे, कपडे मुलाचे, चष्मा असला तर तोही मुलाचा, मधला चेहरा तेवढा बनवलेला. दर फोटोत नवा, असं तुम्ही लेखी दिलंत.

पहिल्या शुक्रवारी भिंगरी फोन बघून हसून हसून लोळली. "आई, हिला बघ! माझा चष्मा घालून कशी शिष्टासारखी बसलीये!"

आईही हसली. गोल चेहरा, रुंद कपाळ, खालचा ओठ जरासा पुढे. बरी होती पोर.

तिसऱ्या शुक्रवारी आई हसली नाही. पोर तीच होती.

दुकानात तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. आईने दोन्ही फोटो मोठे करून छापून घेतले आणि मोजपट्टी काढली. तिच्या हातात एक हुकमी माप होतं. भिंगरीच्या फ्रेमचा नाकावरचा पूल सोळा मिलिमीटरचा, तिने स्वतः निवडलेला. त्यावरून बाकी सगळं काढता येत होतं. भिंगामुळे डोळा मोठा दिसतो, तेवढं तिने वजा केलं. बाहुल्यांमधलं अंतर सत्तावन्न आलं. दुसऱ्या फोटोतही सत्तावन्नच.

दुकानाचे मालक पलीकडे काचा पुसत होते. सगळे त्यांना काका म्हणतात. "छापील पोरीची मापं घेतेस होय? उद्या भिंतीवरच्या घड्याळाला चष्मा लावशील."

"काका, दर वेळी नवा चेहरा येणार होता."

"मग यंत्र आळशी असेल. माणसांनीच बनवलंय ना?"

पटण्यासारखं होतं. पण आईच्या डोक्यात किडा शिरला होता, आणि तो भीतीचा नव्हता, कुतूहलाचा होता. ती दर शुक्रवारचा फोटो छापून एका पाकिटात ठेवू लागली. डिसेंबरच्या शेवटी तेवीस फोटो जमले. एका दुपारी तिने ते तारखेनुसार काउंटरवर मांडले आणि काकांना हाक मारली.

"चेहरा नका बघू," ती म्हणाली. "मान बघा."

पहिल्या फोटोत पोर सरळ बघत होती. सातव्यात हनुवटी किंचित वर. बाराव्यात डोळे बारीक केलेले. अठराव्यात मान डावीकडे कलती, कपाळाला दोन आठ्या. तेविसाव्यात ती चष्म्याच्या वरच्या कडेवरून बघायची धडपड करत होती. आणि अंतर आता अठ्ठावन्न होतं.

काकांनी आपला चष्मा काढला, पुसला, परत घातला. चाळीस वर्षं ते हाच धंदा करत होते.

"हिला वजा नंबर आहे गं," ते हळूच म्हणाले. "आणि वाढतोय. दुसऱ्याचा चष्मा घालून बसलीये ही."

भिंगरीची मान कधीच कलत नाही. मूळ फोटोंत ती सरळ बसलेली होती, हे आईने नंतर शाळेत जाऊन डोळ्यांनी पाहिलं.

बातमीपत्राच्या बाई जिन्याखालच्या खोलीत बसतात. एक टेबल, दोन पडदे, खिडकीत सुकलेलं रोप. बाई स्वभावाने चांगल्या. त्यांनी लगेच यंत्रणा चालवून दाखवली. पहिलीतल्या एका मुलाचा फोटो टाकला, चेहरा बदलला. पुन्हा टाकला, वेगळा आला. पाच वेळा पाच चेहरे.

"बघा. उगीच संशय घेता तुम्ही."

"आता भिंगरीचा टाका."

बाईंनी टाकला. गोल चेहरा, रुंद कपाळ. दुसऱ्यांदा तोच. पाचव्यांदाही तोच, फक्त या वेळी पोर अर्धवट वळून बघत होती.

बाईंचा हात माऊसवरून मागे आला. "योगायोग असेल," असं काहीसं त्या पुटपुटल्या. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून त्यांनी पडद्याकडे वाकून पाहिलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "यातला मूळ कुठला?"

"बाई, चार वर्षं शिकवताय माझ्या मुलीला."

"हो, तेच ना. हीच ना भिंगरी?" बाईंचं बोट गोल चेहऱ्यावर होतं.

आईने त्यांचं बोट धरून दुसऱ्या फोटोवर ठेवलं. बाई ओशाळल्या. पण त्यांना पटलं असं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

ही एकट्या बाईंची गत नव्हती. शाळेच्या फाटकाशी इतर पालक आईला म्हणायचे, "तुमची लेक फोटोत किती गोड येते हो!" आणि शेजारी उभ्या भिंगरीकडे बघून विचारायचे, "ही धाकटी का?"

जानेवारीत ओळखपत्रं आली. तुमच्या कार्यालयाने प्रत्येक मुलाचा नवा फोटो काढायचा कंटाळा केला आणि बातमीपत्राच्या साठ्यातले फोटो उचलले. सुरक्षित केलेले फोटो आहेत म्हणे, वापरायला हरकत नाही. भिंगरीच्या नावाखाली, भिंगरीच्या जन्मतारखेवर, तो गोल चेहरा. दुसऱ्याच दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने भिंगरीला अडवलं. "बाळ, हे कार्ड दुसऱ्याचं आहे. तुझं कुठंय?" तो तिला पहिलीपासून रोज बघत होता. ती अर्धा तास फाटकाबाहेर उभी राहिली.

घरी येऊन ती रडली नाही. जेवता जेवता एवढंच म्हणाली, "आई, तिच्याकडे नाव नाहीये ना, म्हणून माझं घेतलं असेल."

आईने ताट बाजूला सारलं.

तिने मंडळाला पत्र लिहिलं. माझ्या मुलीचा चेहरा तुम्हाला नको असेल तर नका घेऊ, पण तिचं नाव दुसरीला चिकटवू नका. तुमचं उत्तर दोन ओळींचं आलं. यंत्रणा व्यवस्थित चालते आहे. फोटोवरून मुलीची ओळख पटते आहे. पटते आहे! कुणाची, हे लिहायला तुमच्या पेनातली शाई संपली होती का?

पुढच्या आठवड्यात शाळेत डोळे तपासणी झाली. बाहेरून आलेल्या डॉक्टरांचा कागद भिंगरीच्या दप्तरातून घरी आला. वर भिंगरीचं नाव, तुकडी, हजेरी क्रमांक. खाली आकडे. उजवा डोळा वजा सव्वा. डावा वजा पावणेदोन. बाहुल्यांमधलं अंतर अठ्ठावन्न. तळाशी डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात एक ओळ: 'मूल मान कलती करून पाहते. घातलेला चष्मा या मुलीचा नाही. ताबडतोब बदला.'

आईने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"भिंगरे, डॉक्टरांनी काय काय विचारलं तुला?"

"मला कुठे? त्यांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होते. वर बघितलं तर ती आत गेली होती."

"कोण?"

"फोटोतली."

"तुझा चष्मा कुठे होता तेव्हा?"

"माझ्या नाकावर."

"आणि तिच्या?"

"तिच्या पण. अस्साच." भिंगरीने नाकावरची फ्रेम वर सरकवली.

"घाबरलीस?"

भिंगरीने विचार केला. "नाही. ती जाताना खुर्चीला धडकली. तिला नीट दिसत नाही, आई."

दुसऱ्या दिवशी आई बाईंकडे गेली आणि तिथून हलली नाही. भिंगरीचा प्रत्येक बनवलेला फोटो तिने समोर बसून पुसायला लावला. यापुढे भिंगरीला कुठल्याच फोटोत उभं करायचं नाही, बनवलेल्या चेहऱ्यानेही नाही, हे बाईंकडून लिहून घेतलं. ओळखपत्रावर लेकीचा खरा फोटो स्वतःच्या हाताने चिकटवला आणि त्यावर शाळेचा शिक्का मारून घेतला. रखवालदाराने कार्ड बघितलं, भिंगरीकडे बघितलं, आणि म्हणाला, "अगं तू होय! ये, ये."

लेकीचं नाव परत मिळालं होतं. इथे थांबता आलं असतं.

पण तो डॉक्टरांचा कागद आईने फाडला नाही. तो दुकानातल्या काचेखाली चार दिवस पडून राहिला. येता जाता तिची नजर त्यावर जायची. पाचव्या दिवशी तिने काचा काढल्या आणि घासायला बसली. वजा सव्वा, वजा पावणेदोन. काकांनी पाहिलं, काय करतेस म्हणून विचारलं नाही. खणातून एक तपकिरी फ्रेम शोधून त्यांनी तिच्यापुढे ठेवली.

"रुंद कपाळाला ही बरी बसेल," ते म्हणाले. "काड्या जरा लांब ठेव. वाढतं वय आहे."

सोमवारी भिंगरी चष्मा डबीत घालून शाळेत घेऊन गेली. संध्याकाळी तिने डबी परत आणली. रिकामी.

"कुणाला दिलास?"

"बाकावर ठेवला. मधल्या सुट्टीनंतर नव्हता."

त्या शुक्रवारी भिंगरी शाळेत गेलीच नाही. आईने तिला तिच्याच डोळ्यांच्या तपासणीसाठी दुकानात आणलं होतं. अधिक अडीच, चोपन्न, काही बदल नाही. दुपारी तीनला ती काकांच्या स्टुलावर बसून गोल गोल फिरत होती, तेव्हा फोन वाजला.

बातमीपत्र. चौथीने त्याच सकाळी शाळेच्या आवारात लावलेली झाडं, आणि झाडांमागे तीन रांगांत उभा वर्ग.

त्या फोटोत नकार दिलेलं एकही मूल नव्हतं. यंत्रणा चालवायची गरजच पडली नाही, कॅमेऱ्यातून निघाला तसाच टाकला, असं बाईंनी नंतर शपथेवर सांगितलं.

दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी.

तपकिरी फ्रेम. मान सरळ, कपाळ मोकळं. हनुवटी खाली. हातांना माती लागलेली. पहिल्यांदाच ती कॅमेऱ्याकडे नीट बघत होती, आणि नीट दिसायला लागलेल्या माणसासारखी थोडी चकित झाली होती.

तिच्या उजव्या काचेच्या कोपऱ्यात बोटाचा ठसा होता.

आईने सवयीने मऊ फडकं उचललं आणि फोनची काच पुसली. मग पुन्हा पुसली.

ठसा फोनवर नव्हता.

भिंगरीने स्टूल थांबवलं, वाकून पाहिलं. "बसला ना नीट!" ती खूश होऊन म्हणाली.

चौथीच्या हजेरीपटावर बत्तीस नावं आहेत. त्या दिवशी एक गैरहजर होती. फोटोत बत्तीस मुलं आहेत. मोजा, तुम्हाला मोजता येतं. तुम्ही काखा वर केल्यात, बाई रजेवर गेल्या, यंत्रणा बंद झाली. शाळा मात्र रोज भरते, आणि रोज साडेचारला सुटते. एकेक मूल कुणाचं तरी बोट धरून फाटकातून बाहेर पडतं. भिंगरीची आई शेवटचं मूल जाईपर्यंत तिथे उभी असते आणि आवारात कुणी राहिलंय का बघते.

मुलांच्या चेहऱ्यांची जबाबदारी घेणाऱ्या शहाण्यांनो, तुमच्याकडे आता एवढंच मागणं आहे. योगायोग, बिघाड, तांत्रिक अडचण हे शब्द न वापरता लेखी कळवा. शाळा सुटल्यावर ती पोर कुणाच्या घरी जाते?