ब्रूनोची प्रार्थना

हे खरं घडलंय. जिच्या बाबतीत घडलं, ती फखरुन्निसा आज दापोलीत राहते. कुणाला पटवून द्यायला ती जात नाही.

फेब्रुवारी १९९१. कुवेतमधलं फहाहील. वेळ भरदुपारची.

पण बाहेर काळोख होता. सात महिने कुवेत बळकावून बसलेल्या इराकी फौजेने परतताना तेलाच्या विहिरी पेटवल्या होत्या. धुरात सूर्य दिसेनासा झाला होता.

फखरुन्निसा तिथल्या एका इस्पितळात नर्स होती. बहुतेक भारतीय मिळेल त्या वाटेने गावी गेले. ती आणि नागपूरचे डॉक्टर प्रभाकर थांबले, कारण पेशंट थांबले होते.

त्यांतलाच एक ब्रूनो. इटलीचा म्हातारा, जवळच्या शुऐबा बंदरातल्या तेल-कारखान्यात दुभाषा. हृदय अधू. त्याच्या देशातल्या मध्ययुगीन कविता त्याला तोंडपाठ. पडल्या पडल्या म्हणायचा, मग तिला अर्थ सांगायचा. ते कवी श्रद्धाळू, पण राजाला आणि धर्मगुरूला सोडायचे नाहीत. राजाने जग सांभाळावं, धर्माने आत्मा. एकाने दुसऱ्याची जागा बळकावली, की त्याची रवानगी कवितेतल्या नरकात.

आणखी एक सांगायचा. मेलेले अधांतरी अडकतात. कुणी प्रार्थना केली, तरच पुढे सरकतात.

वॉर्डात एक इराकी कॅप्टन यायचा. शिकलेला. ब्रूनोशी वाद घालायला त्याला आवडायचं. एका शुक्रवारी मात्र त्याने हुकूम सोडला, की नमाजनंतर सगळ्या पेशंटांनी त्याच्या सत्ताधीशासाठी दुआ मागायची.

ब्रूनो शांतपणे म्हणाला, "हुकूम आमच्या हातापायांना दे. दुआ तुझ्या हुकमातली नाही."

त्याच संध्याकाळी कॅप्टनच्या शिपायांनी ब्रूनोला गाडीत घालून नेलं.

दुसऱ्या दिवशी समुद्राकाठी प्रेत सापडलं. फखरुन्निसानेच ओळख पटवली.

आणि मग ती काळी दुपार.

सकाळी त्याच कॅप्टनला जखमी अवस्थेत दारात टाकून त्याचे लोक पळाले होते. काचा शाबूत असलेली खोली एकच होती... ब्रूनोची. डॉक्टरांनी टाके घातले, त्याला तिथे ठेवलं. फखरुन्निसा इतर जखमींमध्ये अडकली. दुपारी कंदील घेऊन ती आत आली.

जनरेटर बंद. कुठेच आवाज नाही.

पण शेजारच्या रिकाम्या खाटेवरून कुणीतरी पुटपुटत होतं...

संथ. तालात. इटालियन.



"त्याला थांबव," कॅप्टन अंधारातून म्हणाला.

"कुणाला?"

"त्याची भाषा मला येत नाही. तरी कळतंय." त्याचा आवाज कापत होता. "शिव्या देत असता तर चाललं असतं. तो माझ्यासाठी प्रार्थना करतोय... मेलेल्यांसाठी करतात ती. सांग त्याला, मी अजून मेलेलो नाही."

तिने कंदील वर धरला.

खाट रिकामी.

पण उशीला मधोमध खळगा पडला होता... डोकं टेकल्यासारखा.

ती रिकाम्या खाटेकडे वळली. म्हणाली, "ब्रूनो, तो जिवंत आहे."

पुटपुटणं थांबलं.

क्षणभर तिला वाटलं, संपलं.

मग ते पुन्हा सुरू झालं. आधीपेक्षा हळू... आधीपेक्षा मायेने.

ती कॅप्टनकडे धावली. नाडी बघायला मनगट धरलं.

गार. आणि ताठ. बोटं उघडेनात.

तिच्या हाका ऐकून डॉक्टर प्रभाकर आले. त्यांनी कॅप्टनचा जबडा चाचपला, डोळे पाहिले.

"याला जाऊन बराच वेळ झालाय, फखरुन्निसा. सकाळीच गेला असणार."

"आत्ता बोलला ओ माझ्याशी, डॉक्टर."

डॉक्टरांनी कंदील वर धरला. ते शेजारच्या उशीकडे बघत होते.



फखरुन्निसा आजही कुणाच्या मयतीला गेली, की लोक दुआसाठी हात उचलतात आणि ही एकटी कफनाजवळ वाकून थांबते. बायका म्हणतात, नर्सची जुनी सवय.



ती कान देऊन ऐकत राहते... आतून कुणी म्हणतंय का, मी अजून मेलेलो नाही.